‘डी’पर्यंतची पोथी

विद्याधन चोराला चोरता येत नाही, राजाला हिरावता येत नाही आणि भावाला वाटून मागता येत नाही, असं सुभाषित आहे. मलकापूरला आमच्या शाळेच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. राजाचं आणि भावाचं मला ठाऊक नाही. चोराच्या बाबतीत मात्र ते चुकीचं आहे. मी विद्याधन चोरलेलं आहे. एकशे एकवीस पानं.

गोष्ट बासष्ट सालची. अमरावतीहून तिसऱ्या वर्गात बी.ए. होऊन मी गावात परत आलो होतो आणि एका जिनिंग फॅक्टरीत कारकून म्हणून लागलो होतो. गावात तेव्हा बी.ए. कमी असल्यामुळे लोक मला नावानं हाक मारत नसत, नुसतं ‘बीए’ म्हणत. मला स्पर्धापरीक्षा देऊन मोठा साहेब व्हायचं होतं. त्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असे आणि त्यात वजनदार शब्द वापरणाऱ्याला मार्क मिळतात, अशी पक्की बातमी अमरावतीच्या होस्टेलात मला मिळालेली होती. माझ्याजवळ हलके शब्द बरेच होते. वजनदार एकही नव्हता.

ते सगळे वाचनालयात होते. एका कापूस व्यापाऱ्यानं वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला एक इंग्रजी डिक्शनरी दिली होती. उशीएवढी जाड. ती घरी न्यायला मिळत नसे. कोपऱ्यातल्या लाकडी घोडीवर ती उघडी ठेवलेली असे आणि कडूबा नावाचा ग्रंथपाल रोज तिच्यावरची धूळ झटके. कडूबाची नजर अधू होती. पुस्तक सरळ आहे की उलटं, हे तो बोटांनी चाचपून ठरवायचा.

होस्टेलात अशीही एक कथा होती, की कुणी एक मुलगा डिक्शनरीचं रोज एक पान पाठ करून ते फाडून खात असे आणि पुढे तो डेप्युटी कलेक्टर झाला. मी फक्त फाडायचं ठरवलं. कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला लावणाऱ्या घरात मी वाढलो होतो. खाणं म्हणजे जरा जास्तच झालं असतं.

गणपतीत पहिलं पान फाडलं. पाठ झालं की परत आणून चिकटवायचं, असा माझा प्रामाणिक विचार होता. प्रत्येक पानाच्या वेळी तो होता. पुढे चीनचं युद्ध सुरू झालं आणि माझी सोय झाली. संध्याकाळच्या बातम्यांना सगळं गाव वाचनालयातल्या रेडिओभोवती गोळा व्हायचं, पाठी माझ्याकडे करून. निवेदकाचा आवाज चढला की मी पान ओढायचो. देशाचे जवान बर्फात लढत असताना मी ‘बी’ फाडत होतो, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते पान खिशात ठेवून मी फॅक्टरीत घोकायचो आणि मिळेल त्या माणसावर शब्द वापरून पाहायचो. पुंजाजी नावाचा एक शेतकरी कापसाची बैलबंडी घेऊन आला होता. मी त्याच्या कापसात हात घालून म्हणालो, “पुंजाजी, हा कापूस अ‍ॅडल्टरेटेड आहे.”

“म्हंजे चांगला हाये?”

“नाही. भेसळीचा आहे.”

“मंग मराठीत काऊन नाही सांगत जी? वाईट बोलाले बी तुमाले साहेबाची भाषा लागते काय?”

बाकीचे बंडीवाले हसले. मी मनात त्याला ‘बेलिकोज’, म्हणजे भांडखोर, म्हणालो आणि पावती फाडली. फाडण्यात आता माझा हात बसला होता.

पाठ झालेली पानं मी घरी खाटेखाली एका जुन्या ट्रंकेत ठेवी. दिवाळीची झाडझूड करताना ती आईच्या हाती लागली. आईला, म्हणजे सत्यभामाबाईंना, अक्षरओळख नव्हती. पण अक्षरांविषयीचा आदर आमच्या घरात तिच्याइतका कुणालाच नव्हता.

“महादेवा, हे काय हाये रे?”

“पुस्तकाची पानं आहेत.”

“इंग्रजीची?”

“हो.”

“अन् खाटेखाली ठेवतं? पायाखाली? लाज नाही वाटत तुले? बीए झाला न् सरस्वतीले पायापाशी ठेवते!”

दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळी पानं लाल खणात बांधून देव्हाऱ्यात, गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी. वर हळद, कुंकू आणि झेंडूचं फूल. त्यानंतर मी आणलेलं प्रत्येक पान आई माझ्याकडून मागून घेई, कपाळाला लावी आणि खणात ठेवी. पोथी हळूहळू जाड होत गेली. शेजारच्या बनाबाईला ती सांगायची, “महादेव इंग्रजी पोथी आनून राह्यला. एकदम परवडत नाही, म्हनून एक एक पान आनते.”

जानेवारीत मी ‘डी’च्या मध्यावर होतो, तेव्हा कौशल्याबाई वाचनालयात आल्या.

कौशल्याबाई मुलींच्या प्राथमिक शाळेत सकाळच्या वेळी शिकवत. वय पंचविसाच्या आसपास. सासर धामणगाव बढ्याचं, नवरा तिकडे शेती करी आणि बाई इथे एक खोली घेऊन राहत. नोकरी तात्पुरती होती. मार्चात मॅट्रिक झाल्या तर कायम, नाही तर घरी, असं त्यांना साहेबांनी तोंडी आणि लेखी दोन्ही प्रकारे सांगितलं होतं. वाचनालयात दुपारी तीन ते चार बायकांसाठी वेळ राखून ठेवलेली होती. तिला लेडीज अवर म्हणत. त्या वेळात येणारी बाई बहुधा एकच असे, आणि आता ती कौशल्याबाई होती.

त्यांनी डिक्शनरीचं मुखपृष्ठ उलटलं आणि आत पाहिलं. नंतर कडूबाला हाक मारली. हे मला कडूबानंच नंतर सांगितलं.

“कडूबा, ह्या पुस्तकाले सुरुवातच नाही.”

“बाई, येवढ्या जाड पुस्तकाची सुरुवात कोन पाह्यते?”

“मी पाहून राह्यली ना! यात ए नाही, बी नाही, सी नाही.”

“मंग जे हाये ते वाचा,” कडूबा म्हणाला. पण त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं, आणि ज्या पुस्तकावर तो रोज धूळ झटकत होता ते एका बाजूनं खचलेलं आहे, हे त्याच्या बोटांना कळलं. तो रडला, असं म्हणतात. मी तिथे नव्हतो. मी फॅक्टरीत ‘डेझल्टरी’, म्हणजे विस्कळीत, हा शब्द पाठ करत होतो.

दोन दिवसांनी कार्यकारिणीची सभा झाली. अध्यक्ष रंगराव, मोठे अडते. चिटणीस नारायणराव, निवृत्त पोस्टमास्तर. सहचिटणीस मी, कारण बी.ए.

“चोर कोन?” रंगरावांनी विचारलं.

‘कन्फेस’ हा शब्द मला येत होता. ‘सी’मधला. अर्थ, उच्चार आणि दोन उदाहरणांसकट पाठ होता.

“वाळवी असेल,” मी म्हणालो.

“वाळवी अनुक्रमानं खात नाही,” नारायणराव म्हणाले. पोस्टात तीस वर्षं पत्रं लावल्यामुळे त्यांना अनुक्रमाचा फार आदर होता. “हे माणसाचंच काम. कडूबा, हे पुस्तक कोन कोन पाह्यते?”

“एक बीए भाऊ पाह्यते. अन् ह्या आठवड्यापासून मास्तरीनबाई.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी नजर काढून घेतली, कारण मी सहचिटणीस होतो.

“बाईचं मी नाव घेत नाही,” रंगराव म्हणाले, “बाईमाणूस हाये. पन लेडीज अवरमध्ये कडूबाही बाहेर ओट्यावर बसते. आत काय चालते, कोनाले दिसते? तो तास बंद करा. कोनावर आळ नाही, कोनाची बदनामी नाही. काय बीए?”

बाई याच आठवड्यात येऊ लागल्या आणि पानं एकशे एकवीस गेली आहेत, एवढं गणित मला येत होतं. मी म्हणालो, “बरोबर आहे.”

“मंग नोटीस लिहा. इंग्रजीत लिहा, म्हंजे वजन राह्यते.”

चार महिन्यांच्या अभ्यासाचा पहिला जाहीर उपयोग मी असा केला. डिक्शनरीवर झालेल्या ‘अ‍ॅबरंट अँड कल्पेबल डेप्रिडेशन्स’मुळे, म्हणजे विपरीत आणि दोषार्ह लुटीमुळे, लेडीज अवर ‘अ‍ॅबेयन्स’मध्ये, म्हणजे तहकूब, ठेवला आहे, असं त्या नोटिशीत होतं. सगळे वजनदार शब्द ‘ए’ ते ‘डी’चे होते. नारायणराव पोस्टमास्तर असूनही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, “वा!”

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना कौशल्याबाई नोटीस बोर्डापुढे उभ्या दिसल्या. डोक्यावर पदर, हातात वही. मी रस्ता बदलणार, तोच त्यांनी पाहिलं.

“भाऊ, हे काय लिहिलं जी?”

मी माझीच नोटीस पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचली. “तास बंद आहे, म्हणते.”

“येवढ्या चार ओळींत नुसतं ‘बंद आहे’च हाये?”

“तेवढंच.”

“काऊन बंद?”

“डिक्शनरी... जरा खराब झाली आहे.”

“मीच सांगितलं कडूबाले,” त्या म्हणाल्या. “नसतं सांगितलं तं बरं होतं. जेवढी होती तेवढी तं वाचली असती.” मग वही मिटून म्हणाल्या, “मार्चात परीक्षा हाये. नापास झाली तं सासू वाटच पाहून राह्यली. म्हनते, शाळा सोड न् वेचनीले ये. तुम्ही कार्यकारिनीत हा ना भाऊ? एक शब्द टाकून पाहा.”

माझ्याजवळ तेव्हा हजारभर शब्द होते. एकही टाकला नाही.

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी निश्चय केला, की पानं गुपचूप परत नेऊन ठेवायची. खण सोडायला देव्हाऱ्याशी गेलो तर आई मागे उभी.

“काय करतं?”

“पानं परत न्यायची आहेत.”

“देवाले वाह्यलेलं परत घेते काय कोनी?”

“ती लोकांची आहेत गं.”

“देवबी लोकाइचाच हाये.”

पानं पाहिली तर तीही परत नेण्यासारखी राहिली नव्हती. ‘ए’वर निरांजनाचं तेल सांडलं होतं. ‘बी’ कुंकवानं लाल झालं होतं. अशी पानं डिक्शनरीत लावली असती, तर कोणत्या देवघरातून आली एवढंच शोधायचं राहिलं असतं. मी खण पुन्हा बांधला. आईनं त्यावर ताजं कुंकू वाहिलं. माझ्या चोरीची पूजा रोज सकाळी माझ्यासमोर होत होती आणि प्रसादाची साखर मला खावी लागत होती.

मग संक्रांत आली. आईनं गल्लीतल्या बायकांना हळदी-कुंकवाला बोलावलं आणि कौशल्याबाईंनाही बोलावलं. मी आतल्या खोलीत दाराआड बसून होतो. फटीतून दिसत होतं. कौशल्याबाईंनी तिळगूळ घेतला, ओटी घेतली, आणि देवाला नमस्कार करायला देव्हाऱ्यापुढे बसल्या. आईनं त्यांना काहीतरी सांगितलं. खण सोडला. त्यांनी वाकून पाहिलं.

आता त्या उठतील, ओरडतील, रंगरावांकडे जातील, असं वाटलं. खरं सांगायचं तर जावं, असंही वाटलं. कौशल्याबाईंनी पानाला हात लावून तो कपाळाला लावला, उठल्या, आणि बनाबाईच्या पाटल्यांची विचारपूस करू लागल्या. मी स्वतःला समजावलं, की त्यांना ओळखू आलं नाही. कुंकू फार होतं.

त्यानंतर मी एकही पान फाडलं नाही. हा पश्चात्ताप नव्हता. कडूबानं डिक्शनरी कपाटात घालून कुलूप लावलं होतं. घरात मात्र काही बारीकसारीक गोष्टी घडत होत्या. खणाची गाठ रोज वेगळी दिसे. पानांत साखरेच्या मुंग्या होऊ लागल्या. एकदा देव्हाऱ्याशी मला खडूचा तुकडा सापडला. आईला खडूचं काय काम, असा प्रश्न मला पडायला हवा होता. माझं सगळं लक्ष स्वतःच्या अपराधाकडे होतं.

मार्चात कौशल्याबाई परीक्षेला बसल्या. जूनमध्ये वर्तमानपत्रात निकालाचे आकडे आले. त्यांचा नंबर मला पाठ होता. मी तो रकाना वरून खाली आणि खालून वर वाचला. नंबर नव्हता. आठवड्यानं त्या एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन धामणगाव बढ्याच्या बसमध्ये बसताना दिसल्या. मी पानटपरीआड उभा होतो. त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असल्यास तसं दाखवलं नाही.

माझ्या परीक्षेचाही निकाल लागला. इंग्रजीत अठ्ठावीस मार्क पडून मी नापास झालो. मला त्यात न्याय दिसला आणि थोडं बरं वाटलं. पण तो न्याय अपुरा होता. मी फॅक्टरीत कारकून राहिलो आणि ती बाई शेतात कापूस वेचत राहिली, ते माझ्यामुळे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लग्न झालं, मुलं झाली, मी हेडक्लार्क झालो. तीन वर्षांनी मी लेडीज अवर पुन्हा सुरू करायला लावला. वाचनालयाला स्वतः नवी डिक्शनरी दिली आणि तिच्यावर कुणाचंही नाव घातलं नाही. रंगरावांनी सत्कारात मला ‘ज्ञानाचा पुजारी’ म्हटलं. आमच्या घरात त्या अर्थानं पुजारी आई होती. एकाहत्तर साली ती गेली आणि पोथी तशीच राहिली. कापसाचा हंगाम सुरू झाला, बंड्या फॅक्टरीच्या दारात लागल्या, की दरवर्षी मला त्या वेचणाऱ्या बाईचे हात दिसत.

अखेर सत्त्याहत्तर साली एका लग्नासाठी धामणगाव बढ्याला जावं लागलं. पंगत उठल्यावर मी कौशल्याबाईंचं घर विचारलं. लोकांनी शाळा दाखवली. त्या मुख्याध्यापिका होत्या. केस पांढरे होऊ लागले होते. टेबलावर हजेरीपट आणि वेताची छडी. मला त्यांनी लगेच ओळखलं.

“या भाऊ, या. मायचं कळलं मले. लई चांगल्या होत्या.”

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. “बाई, ती पानं मी फाडली होती.”

“कोनती?”

“डिक्शनरीची. ‘ए’ ते ‘डी’. नोटीसही मीच लिहिली होती.”

“हाव. मले माहीत हाये. बसा ना.”

मी बसलो.

“हळदी-कुंकवाले आली होती ना मी,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मायनं पोथी दाखवली. म्हने, महादेवानं इंग्रजी पोथी आनली, पन वाचत नाही, नुसती आनून ठेवते. तुले वाचता येते काय? म्हटलं, थोडं थोडं येते. तं म्हने, मंग दुपारी येत जाय बाई, देवापुढं वाचत जाय. मले समजलं नाही तरी कानावर पडू दे.”

“तुम्ही आमच्या घरी येत होतात?”

“दीड महिना. रोज तीन ते चार. तुम्ही फॅक्टरीत. मी शब्द वाचू, अर्थ वाचू. त्या हात जोडून बसत. एक एक अर्थ झाला का म्हनत, ‘खरं हाये माय.’ शेवटी साखर देत. ‘डी’ची होती तेवढी पानं संपली त्या दिवशी शिरा केला होता त्यांनी.”

“मला काही बोलली नाही ती.”

“त्याच म्हनत, महादेवाले सांगू नको. पोथी आपन आनली न् दुसऱ्यानं वाचली, तं त्याले वाईट वाटंन.”

शाळेच्या शिपायानं चहा आणला.

“पण बाई, मग तुम्ही नापास...”

“इंग्रजीत नाही जी. इंग्रजीत चौपन्न होते मले. गनितात गेली मी.”

“गणितात?”

“हाव. मंग ऑक्टोबरात पुन्हा बसली. सासूनं शिकवलं. तिले अक्षर येत नव्हतं, पन वेचनीचा सारा हिशेब तोंडी करे. बाई कुत्र्यासारखी भुंके माह्यावर, पन त्रैराशिक पक्कं करून घेतलं.” त्यांनी बशी पुढे सरकवली. “तुमचं काय झालं होतं जी त्या परीक्षेचं?”

“इंग्रजीत गेलो.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चहा थंड होऊन राह्यला भाऊ.”

चहा पिऊन मी संध्याकाळच्या बसनं मलकापूरला आलो. घरी जायच्या आधी वाचनालयात गेलो आणि कडूबाकडून त्रेसष्ट सालची पुस्तकांची यादी काढून घेतली. त्या साली वाचनालयात अंकगणिताची तीन पुस्तकं होती. तिन्ही शाबूत होती. बंद होता तो फक्त लेडीज अवर.